करून पाहू या : मोडलं तर कुठे मिळेल?



दिवाळीची सुट्टी संपून शाळेची घंटा पुन्हा वाजायला लागली, की आमच्या पोलादपुरात मुलं एकच प्रश्न घेऊन येतात. "बाई, यंदा विज्ञान प्रदर्शनात काय मांडायचं?" २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं आणि त्यातून आपला २६ किलो वजनाचा, सहा चाकांचा 'प्रज्ञान' बाहेर पडून चालू लागला. तेव्हापासून तर उत्तरही मुलांनी आधीच ठरवलेलं असतं. "बाई, रोव्हर करू या!"

रोव्हर म्हणजे काय, हे आता तुम्हाला सांगायला नको. माणूस जाऊ शकत नाही अशा जागी, खाचखळग्यांतून चालत, आजूबाजूचं बघत आणि मोजत जाणारी यंत्रगाडी. तिचं धाकटं भावंडं घरीसुद्धा करता येतं. चार चाकं, चार मोटरी, एक मेंदू, एक डोळा आणि थोडे सेल. कशी जोडायची याच्या आकृत्या आणि चित्रफिती तुम्हाला ढीगभर सापडतील. पण भाग निवडायचे कसे, हे फार थोडे जण सांगतात. आज तेवढंच बोलू या. सुरुवात माझ्या फजितीपासून करते.

आमचा 'खेकडा' बसला

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सातवीतल्या दोन मुली आणि एक मुलगा, असे तिघे रोव्हर करायला पुढे आले. मी मोबाइलवर एक तयार संच शोधला. काय सुंदर दिसत होता! चकचकीत मोटरी, जाड रबरी चाकं. चाकांच्या मधल्या भोकाचा आकार चांदणीसारखा, त्यामुळे चाक मोटरवर अगदी घट्ट बसायचं. पैसे सगळ्यांनी मिळून जमवले. त्यातल्या एका मुलीने आपली भाऊबीजेची ओवाळणी आणून दिली. तिचे वडील मुंबईला नोकरीला, तिने वर्षभर जपून ठेवायचं ठरवलेले ते पैसे होते.

संच आला, गाडी जोडली. ती वळताना थोडी तिरकी चालायची म्हणून मुलांनी नाव ठेवलं 'खेकडा'. आठ दिवस खेकडा वर्गभर फिरला. पहिलीची पोरं खिडकीतून बघायची.

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी 'कट्' असा आवाज झाला आणि एक चाक थांबलं. मोटर उघडून पाहिली, तर आतल्या गिअरचा एक दाता तुटलेला. हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा! दुसऱ्या दिवशी ती मुलगी काकांबरोबर एस.टी.ने महाडला गेली. इलेक्ट्रिकच्या दुकानदाराने मोटर उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "ताई, असली मोटर आम्ही ठेवत नाही. आमच्याकडची दुसरी देतो, पण तुझं चाक तिच्यावर बसायचं नाही." चांदणीचं भोक आता नडलं. जिथून संच मागवला तिथे मी फोन केला. उत्तर मिळालं, "तो संच आता येत नाही."

प्रदर्शनात खेकडा टेबलावर बसून राहिला. परीक्षक आले, म्हणाले, "चालवून दाखवा." ती हळूच म्हणाली, "परवापर्यंत चालत होता, सर." त्यांनी मान हलवली आणि पुढच्या टेबलाकडे गेले. परत येताना खोकं मांडीवर घेऊन ती एस.टी.त गप्प बसली होती. ओवाळणीचे पैसे तिने एका शब्दाने मागितले नाहीत, म्हणून मला जास्तच लागलं.

मुलांनो, चूक तिची नव्हती. निवड माझी होती. संच दिसतो कसा, पळतो कसा, हे मी पाहिलं. मोडला तर काय करायचं, हे विचारलंच नाही.

बेअरिंगवरचा नंबर

खरं म्हणजे हा धडा मला आधीच मिळायला हवा होता. जुलै २०२१ मध्ये महाडात सावित्रीचं पाणी शिरलं आणि आपल्या डोंगरांत दरडी कोसळल्या. ते दु:ख फार मोठं आहे, या पानात मावणारं नाही. पण त्या दिवसांतली एक छोटीशी गोष्ट सांगते.

आमच्या एका नातेवाइकांच्या घरात गळ्यापर्यंत पाणी चढलं होतं. पाणी ओसरल्यावर विहिरीवरच्या पंपाची मोटर आणि कपडे धुण्याचं यंत्र, दोन्ही चिखलाने भरलेली. मोटर वाइंडिंगवाल्याकडे गेली. त्याने ती खोलली, तांब्याची तार नवी भरली आणि गंजलेलं बेअरिंग काढून माझ्या हातावर ठेवलं. त्यावर आकडा कोरलेला होता, ६२०३. "हा नंबर सांगितला की कुठल्याही गावात मिळतं," तो म्हणाला. ६२०३ म्हणजे आतलं भोक १७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४० आणि जाडी १२. कोणत्याही कंपनीचं घ्या, माप तेच. मोटर चार दिवसांत पाणी ओढू लागली. धुण्याच्या यंत्राचा एक भाग मात्र त्याच कंपनीचा, त्याच नमुन्याचा लागत होता. तो काही मिळाला नाही आणि यंत्र भंगारात गेलं.

पाणी दोन्हीत सारखंच शिरलं होतं. वाचलं ते, ज्याचे भाग सगळीकडे मिळत होते.

आगपेटीच्या काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूब

हा विचार मुलांसाठी फार सुंदर रीतीने वापरला अरविंद गुप्ता यांनी. ते आय.आय.टी. कानपूरमधून शिकलेले इंजिनिअर. पुण्याला टेल्कोमध्ये नोकरी करताना १९७८ साली ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या खेड्यांत मुलांना विज्ञान शिकवण्याच्या कामासाठी गेले. तिथे महागडी खेळणी कुठून आणणार? त्यांनी सायकलच्या दुकानात मिळणारी व्हॉल्व्ह ट्यूब घेतली. तिचे छोटे तुकडे कापले, त्यांत आगपेटीच्या काड्या खोचल्या आणि त्रिकोण, चौकोन, घनाकृती, घरं असं काय काय तयार केलं. पुढे पुण्याच्या 'आयुका' संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षं काम केलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांच्या खेळण्यातली एक काडी मोडली तर काय होतं? काहीच नाही, दुसरी काडी घ्यायची! आपल्या रोव्हरचंही असंच असायला हवं.

एकेक अवयव

चला, आता रोव्हरचा एकेक अवयव निवडू या.

मोटर : पिवळ्या प्लॅस्टिकच्या खोक्यातली, आत गिअर असलेली मोटर मिळते. दुकानात तिला 'बीओ मोटर' म्हणतात. तिचा दांडा दोन बाजूंनी चपटा असतो आणि त्यावर बसणारी ६५ मिलिमीटर व्यासाची चाकं बरेच जण बनवतात. ती फार दणकट असते असं नाही, बरं का. दाते प्लॅस्टिकचे, तेही तुटतात. पण तुटली की तशीच दुसरी लावता येते. शिवाय शंभर रुपयांच्या आत मिळते. चार लागत असतील तर पाच घ्या. घेताना मिनिटाला किती फेऱ्या, ते विचारा आणि पाचही एकसारख्या घ्या, नाहीतर तुमचाही खेकडा होईल! आता थोडं गणित. चाकाचा व्यास ६५ मिलिमीटर, म्हणजे परीघ सुमारे २०४ मिलिमीटर. मिनिटाला १०० फेऱ्या झाल्या तर गाडी मिनिटाला सुमारे २० मीटर जाईल. वर्गात फिरवायला एवढा वेग पुष्कळ झाला.

मोटरचा सारथी : मेंदूतून येणारी वीज अगदी नाजूक, तिने मोटर फिरत नाही. मध्ये एक सारथी लागतो. 'एल २९८ एन' नावाची छोटी पट्टी सगळीकडे मिळते. तिच्यावर मधोमध काळा पंखेदार धातूचा तुकडा असतो. ही पट्टी दोन बाजूंच्या मोटरी स्वतंत्र चालवते, पुढे-मागे दोन्हीकडे. तिचा एक दुर्गुण मात्र लक्षात ठेवा, ती सुमारे २ व्होल्ट स्वतःच खाते. तुम्ही ६ व्होल्ट दिलेत तर मोटरला ४ च्या आसपास मिळतात. "बाई, मोटर दुबळी आहे," अशी तक्रार आली की मी आधी हेच तपासते.

मेंदू : 'आर्डुइनो उनो' घ्या. आर्डुइनोचा जन्म २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेया गावात झाला, विद्यार्थ्यांना स्वस्तात शिकता यावं म्हणून. करणाऱ्यांनी त्याची सगळी रेखाटनं जगासाठी खुली ठेवली. त्यामुळे तसे बोर्ड अनेक कंपन्या करतात. एकाने बनवणं थांबवलं तरी दुसरा असतोच. काही उनोंवर २८ पायांची चिप खाचेत खोचलेली असते. शक्यतो तसा बोर्ड निवडा. चिप जळली तर तेवढीच बदलता येते. फक्त नव्या चिपमध्ये सुरुवातीची आज्ञावली भरलेली आहे ना, हे दुकानदाराला विचारा.

डोळा : 'एच-सी एस-आर ०४' नावाचा भाग दोन गोल डोळ्यांसारखा दिसतो, पण काम करतो वटवाघळासारखं. तो आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते मोजतो. समजा, सेकंदाच्या शंभराव्या भागात प्रतिध्वनी आला. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ३.४ मीटर. तर भिंत १.७ मीटरवर! हा डोळा २ सेंटिमीटरपासून सुमारे ४ मीटरपर्यंत पाहतो.

अन्न : इथे सगळ्यात जास्त मुलं फसतात. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी दिसायला जोरदार, पण चार मोटरींना लागेल एवढा प्रवाह ती देऊ शकत नाही. दोन मिनिटांत गाडी पेंगायला लागते. त्यापेक्षा घड्याळात, रिमोटमध्ये घालतो त्या मापाचे सेल घ्या, पण पुन्हा चार्ज होणारे. एक सेल १.२ व्होल्टचा. असे सहा म्हणजे ७.२ व्होल्ट. त्यातले २ सारथ्याने खाल्ले तरी ५.२ उरतात. या मापाचे सेल वाडीवरच्या किराणा दुकानातसुद्धा मिळतात. ऐन वेळी साधे सेल घालावे लागले तर घालता येतात. पण साधा सेल १.५ व्होल्टचा असतो, मग सहाचे ९ होतात आणि गाडी जरा उड्या मारते!

मेंदूला घरातल्या मोबाइलची पॉवर बँक चालते. काही पॉवर बँका थोडीच वीज लागते आहे असं पाहून आपोआप बंद होतात, म्हणून आधी दहा मिनिटं लावून बघा. आणि सेलची ऋण वायर व मेंदूची ऋण वायर एकमेकींना जोडायला विसरू नका. ती जोडली नाही तर मेंदूचं बोलणं सारथ्याला कळतच नाही.

अंग : इथे तर बाजारात जायचीही गरज नाही. प्लायवूडचा तुकडा, वायरिंगचा पी.व्ही.सी. पाइप, जुना जेवणाचा डबा, काहीही चालेल. नट-बोल्ट मात्र सगळीकडे एकाच मापाचे वापरा, ३ मिलिमीटरचे. एक हरवला तर दुसरीकडचा काढून लावता येतो. आणि मोटर बसवायची भोकं गोल न ठेवता थोडी लांबट करा. दुसऱ्या कंपनीची मोटर एखाद्या मिलिमीटरने मागेपुढे असली तरी बसेल. वायरींना कायमचा डाग देऊ नका, स्क्रूने आवळायच्या कनेक्टरमध्ये घाला. म्हणजे भाग बदलायला पेचकस पुरतो.

मंगळावरसुद्धा

तुम्ही म्हणाल, "बाई, हे शाळेपुरतं ठीक आहे. खऱ्या रोव्हरला असले बाजारातले भाग थोडेच चालतात?"

ऐका तर मग. ४ जुलै १९९७ ला अमेरिकेच्या 'नासा' संस्थेचं यान मंगळावर उतरलं. त्यात 'सोजर्नर' हा छोटा रोव्हर होता, वजन साडेदहा किलोच्या आसपास. त्याचा मेंदू होता इंटेलचा ८०सी८५. तुमच्या घरात कोणी इलेक्ट्रॉनिक्सचं डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग केलं असेल तर त्यांना '८०८५' विचारा. प्रयोगशाळेत त्यांनी ज्या चिपवर हात बसवला, तिचंच हे भावंडं! सोजर्नर सात दिवस चालावा अशी योजना होती. तो मंगळाचे ८३ दिवस चालला.

आणि 'इन्जेन्युइटी' हे छोटं हेलिकॉप्टर? १९ एप्रिल २०२१ ला ते मंगळावर उडालं. त्याच्यात मोबाइल फोनमध्ये वापरत असत तो स्नॅपड्रॅगन ८०१ होता आणि सहा लिथियम सेल होते, '१८६५०' जातीचे. १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी, म्हणून हे नाव. असेच सेल अनेक टॉर्चमध्ये आणि जुन्या लॅपटॉपमध्ये असतात. पाच उड्डाणं ठरली होती, झाली ७२!

अर्थात हे भाग त्यांनी तापवून, गोठवून, हलवून कसून तपासले होते. नुसते दुकानातून उचलून पाठवले नव्हते. पण सर्वत्र वापरात असलेल्या भागाचा एक मोठा गुण असतो. लाखो लोकांनी तो वापरलेला असतो, त्यामुळे त्याचे दोष माहीत झालेले असतात.

२०१८ मध्ये तर नासाच्याच जेट प्रपल्शन लॅबोरेटरीने एका सहा चाकी रोव्हरची सगळी रेखाटनं लोकांसाठी खुली केली. अट एकच, भाग कोणालाही विकत मिळतील असे हवेत. तरी खर्च सुमारे अडीच हजार डॉलर येत होता. आपल्याला तो नको. त्यामागचा विचार मात्र फुकट आहे, तो घेऊ!

घेण्याआधी तीन प्रश्न

कोणताही भाग हातात घेतलात की स्वतःला विचारा.

पहिला, हा भाग किमान दोन दुकानांत मिळतो का? दुसरा, एकापेक्षा जास्त कंपन्या तो बनवतात का? तिसरा, उद्या हा मोडला तर परवापर्यंत दुसरा बसवता येईल का? तिन्हींना 'हो' आलं तर घ्या. एखादा भाग दुर्मीळच हवा असेल, तर दोन घ्या. दोन परवडत नसतील, तर तो भाग आपल्यासाठी नाही.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली इथे इलेक्ट्रॉनिक्सचं जग मिळतं. पण आपण राहतो घाटाच्या पायथ्याशी. म्हणून आपली यादी महाडच्या दुकानापासून सुरू करायची आणि तिथे नाही तेवढंच मुंबई-पुण्याहून मागवायचं, तेही जोडीने.

दुसरं वर्ष

पुढच्या वर्षी तेच तिघे पुन्हा आले. मी विचारलं, "परत करायचा?" ती मुलगी म्हणाली, "करायचा, पण या वेळी मोटर मी निवडणार." जुन्या खेकड्याचा डोळा, मेंदू आणि वायरी वापरल्या. पिवळ्या मोटरी पाच घेतल्या. पाचवी तिने कंपासपेटीत ठेवली.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी शेजारच्या टेबलावर गडबड ऐकू आली. दुसऱ्या एका शाळेच्या रोव्हरची मोटर अडकली होती. मुलगा अगदी रडवेला झालेला. मोटर तीच, पिवळी. आमच्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी काहीच बोलले नाही. तिने कंपासपेटी उघडली आणि मोटर त्याच्या हातात दिली. "घे, बसेल. सगळ्या सारख्याच असतात." दहा मिनिटांत त्यांची गाडी चालू झाली.

नंबर त्यांचा आला, आमचा आला नाही. पण आमचा खेकडा दिवसभर चालला. संध्याकाळी तो मुलगा मोटर परत द्यायला आला, तर ही म्हणते कशी, "राहू दे, तुमचं जिल्ह्याला जायचंय ना!"

त्या दिवशी मला कळलं, सगळीकडे मिळणारा भाग नुसता विकतच मिळतो असं नाही, तो मागता येतो आणि देताही येतो.

पालकहो, दोन शब्द तुमच्यासाठी

महाग संच म्हणजे चांगला संच असं समजू नका. मूल स्वतः उघडेल, मोडेल आणि दुरुस्त करेल असा घ्या. वर सांगितलेले लिथियम सेल मात्र लहान मुलांच्या हातात देऊ नका. त्यांची दोन टोकं चुकून जोडली गेली तर आग लागू शकते. जुन्या लॅपटॉपमधून ते काढायचा प्रयोग तर नकोच. डाग देताना, पाइप कापताना मोठ्या माणसाने जवळ बसावं. बसल्या बसल्या तुम्हालाही मजा येईल!

या आठवड्याचा उद्योग

वही घ्या आणि घरातली पाच यंत्रं लिहा. सायकल, मिक्सर, पंखा, शिवणयंत्र, टॉर्च, काहीही. प्रत्येकापुढे तीन रकाने करा. त्यातला आधी मोडणारा भाग कोणता? तो आपल्या गावात मिळतो का? नाही तर कुठे? उत्तरं येत नसतील तर सायकलवाल्या काकांना, वाइंडिंगवाल्या दादांना विचारा. त्यांच्याइतकं या विषयातलं पुस्तकांनाही ठाऊक नसतं.

वही पूर्ण झाली की मग रोव्हरची यादी करायला घ्या. पुढच्या आठवड्यात आपण मोटर आणि सारथी जोडून पहिलं चाक फिरवू. तोवर पाचवी मोटर कंपासपेटीत ठेवायला विसरू नका!

तुमची,
बाई